मायकल स्कॉट पेपर कंपनी: धंदा नक्की कुठे बुडाला?

रिमझिम_५००

'द ऑफिस' (अमेरिकन, पाचवा सीझन) पुन्हा बघून झालं असेल त्यांच्यासाठी हा धागा. नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डंडर मिफ्लिन या कागद विकणाऱ्या कंपनीच्या स्क्रॅन्टन शाखेचा मॅनेजर मायकल स्कॉट नव्या साहेबाशी, म्हणजे चार्ल्स मायनरशी, खटका उडाल्यावर राजीनामा देतो. रिसेप्शनवरची पॅम सेल्सवुमन करण्याच्या अटीवर त्याच्याबरोबर बाहेर पडते, जुना टेम्प (तात्पुरता कर्मचारी) रायन येऊन मिळतो आणि तिघं मिळून त्याच इमारतीत एक अडगळीची खोली भाड्याने घेऊन स्वतःची कागद कंपनी काढतात. मार्च-एप्रिल २००९मधले हे भाग. 'ड्रीम टीम' आणि 'मायकल स्कॉट पेपर कंपनी' एकाच रात्री, ९ एप्रिलला लागले, पुढच्या आठवड्यात 'हेवी कॉम्पिटिशन' आणि २३ एप्रिलला 'ब्रोक'.

'ब्रोक'मध्ये हिशेबनीस सांगतो की तुमचे भाव फार कमी आहेत, कंपनी टिकणार नाही. मायकल म्हणतो पुन्हा हिशेब कर. कॉम्प्युटर तोच आकडा देतो. विनोद छान आहे, पण भाव नक्की किती कमी होता ते मालिका सांगत नाही.

प्रश्न दोन. चूक नक्की कुठे झाली? आणि ती वेळेत दुरुस्त करता आली असती का? इथे कागदाच्या धंद्यातली आणि हिशेबातली मंडळी आहेत म्हणून विचारतोय. पॅम आणि तिचा होणारा नवरा जिम (डंडर मिफ्लिनचा विक्रेता) यांच्या जोडीसाठी वेगळे धागे आहेत, कृपया इथे नको.

चहाटळ

पॅम-जिम नको म्हणता आणि आयडी घेता रिमझिम. बरं.

पडतळ

विषय आवडीचा आहे. मालिकेत आकडे नाहीत, तेव्हा मी गृहीत धरतो. आकडे बदला, उत्तराची दिशा बदलणार नाही.

आधी माल समजून घ्या. अमेरिकेत कॉपी पेपर कार्टनने विकतात. एका कार्टनमध्ये १० रिम, एका रिममध्ये ५०० कागद, म्हणजे ५,००० कागद. नेहमीचा कागद '२० पाउंड बाँड', आपल्याकडचा ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम). एक रिम ५ पाउंड, कार्टन साधारण ५० पाउंड, म्हणजे २२-२३ किलो. पॅलेटवर ४० कार्टन.

समजा घाऊक खरेदी २८ डॉलर कार्टन. डंडर मिफ्लिन विकते ३८ला. मायकल गावात सगळ्यात स्वस्त व्हायचं म्हणून ३२ला विकतो. कार्टनमागे ४ डॉलर सुटतात असं तो समजतो. इथेच गडबड आहे. २८ ही खरेदी झाली, पडतळ नव्हे. माल गिऱ्हाइकाच्या कपाटाशी पोचेपर्यंत जे जे लागतं ते चढवल्यावर पडतळ निघते.

व्हॅनची एक फेरी पेट्रोल, विमा, झीज धरून ४० डॉलर माना. फेरीत २० कार्टन. कार्टनमागे २ डॉलर गेले, उरले २. खोलीचं भाडं, फोन, विमा, हिशेबनीस मिळून महिना ८०० डॉलर. नुसतं ते भागवायला ४०० कार्टन, २० फेऱ्या. यात तिघांचा पगार शून्य धरलाय.

तिघांना दरमहा २,००० दिले तर खर्च ६,८०० होतो. भागिले २, म्हणजे महिना ३,४०० कार्टन. पॅलेटच्या भाषेत ८५ पॅलेट. तीन माणसं आणि एक जुनी व्हॅन.

शाईपेन

४० कार्टनचं एक पॅलेट म्हणजे जवळजवळ ९०० किलो. पॅम बिचारी.

न्यूजर्सीकर

अवांतर, पण या धाग्यावर माफ आहे. ५०० कागदांच्या रिमला 'बरोब्बर ५ पाउंड' कसं येतं, तर '२० पाउंड' हे १७ x २२ इंची मोठ्या तावांच्या ५०० तावांचं वजन. तो ताव चौघडी कापला की साडेआठ बाय अकरा इंचाचे चार लेटर कागद. २० भागिले ४. आपल्या ए४चं गणित वेगळं, ते चौरस मीटरवर चालतं, म्हणून जीएसएम. ए४ची ७५ जीएसएम रिम सुमारे २.३४ किलो भरते, लेटरची २.२७.

आणि जुन्या एचपी प्रिंटरवर 'पीसी लोड लेटर' असं यायचं, त्यातलं पीसी म्हणजे कॉम्प्युटर नाही. पेपर कॅसेट. कॅसेटमध्ये लेटर साइजचा कागद भरा, एवढंच तो म्हणत असतो. भारतातून आलेल्या ए४ फाइली छापताना तो हमखास दिसायचा.

उंटावरचा_शहाणा

मूळ खोट धंद्यात होती. कागदाचा खप घटत असताना २००९च्या मंदीत कागद कंपनी काढणं हेच चूक. पडतळ कितीही नीट काढा.

पडतळ

@उंटावरचा_शहाणा, आकसत्या धंद्यातही लहान माणसाला जागा असते, उलट मोठ्याने गाशा गुंडाळला की जास्तच. त्या तिघांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं असं कुठे दाखवलंय? गिऱ्हाईक मिळालं, पटापट मिळालं, आणि म्हणूनच बुडाले. प्रत्येक कार्टनवर ४ मिळतात असं धरून ३२ला विकायचं आणि खरे सुटणार २, कधी तेही नाही. आंधळं दळतंय.

थांबा_पुढे_गाव

पडतळराव, तुमचा २ डॉलरचा आकडा दिसायला बरोबर आहे पण तो फसवतो. माल पोचवायचा खर्च कार्टनवर पडतच नाही. तो थांब्यावर पडतो.

दुकानासमोर व्हॅन लावा, ट्रॉली काढा, लिफ्टची वाट बघा, सही घ्या, परत या. एक कार्टन असो की सहा, २० मिनिटं जातातच. आणि २० कार्टनची मर्यादाही मला पटत नाही. 'ब्रोक'मधली व्हॅन कोरियन चर्चची आहे, माणसं वाहायची. मोठी प्रवासी व्हॅन असेल तर सीटं काढल्यावर सहज ४० कार्टन उचलेल. म्हणजे वजन अडवत नाही, वेळ अडवतो.

आता तुमचेच आकडे घेऊन बघा. ४० डॉलरची फेरी, ८ थांबे. थांब्याला ५ डॉलर. कार्टनमागे ढोबळ नफा ४.

एक कार्टन मागवणारं गिऱ्हाईक: ४ वजा ५, एक डॉलर तोटा.
पाच कार्टन मागवणारं: २० वजा ५, पंधरा डॉलर नफा.

भाव तोच, कागद तोच. म्हणून 'भाव कमी होता' हे हिशेबनिसाचं उत्तर अर्धवट वाटतं मला. किमान ऑर्डर ठेवली नाही ही त्याच्या शेजारची आणि माझ्या मते मोठी चूक.

पडतळ

मान्य. माझे २ डॉलर म्हणजे थांब्याला सरासरी अडीच कार्टन धरून आलेले. ते सरासरीत दडून गेलं. तुमच्या पद्धतीने पुढे नेतो:

३,४०० कार्टन, अडीचच्या हिशेबाने महिन्याला १,३६० थांबे. २२ दिवस काम धरलं तर रोज ६२. प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे दिवसाला २० तास ४० मिनिटं. यात गाडी चालवायचा वेळ नाही.

चहाटळ

पहाटेपासून कागद वाटत हिंडताना का दाखवलेत ते आत्ता कळलं. ते उशिरा निघत होते.

गोमूताई

हिशेबनिसाच्या संवादाबद्दल. त्याच्या बोलण्याचा आशय असा की तुम्ही फिक्स्ड कॉस्ट धरून भाव ठरवला, धंदा वाढला की व्हेरिएबल कॉस्ट धरायला हवी. विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवणार असाल तर जरा जपून. कॉस्टिंगच्या पुस्तकात या नावाचे दोन ठरीव 'प्राइसिंग मॉडेल' समोरासमोर मांडलेले सापडणार नाहीत. त्याला काय म्हणायचंय ते मात्र बरोबर आहे.

खर्च तीन जातींचे. भाडं विक्रीबरोबर हलत नाही, तो स्थिर. कागदाची खरेदी प्रत्येक कार्टनबरोबर वाढते, तो बदलता. तिसरी जात नवउद्योजकांना चकवते, ती म्हणजे पायरीखर्च. आठ थांब्यांपर्यंत एक फेरी पुरते. नवव्या थांब्याला दुसरी फेरी, पूर्ण ४० डॉलरची. एक व्हॅन, एक चालक इथपर्यंत ठीक, मग एका ऑर्डरमुळे दुसरी व्हॅन. पहिल्या चार-पाच गिऱ्हाइकांना माल मायकलच्या मोकळ्या वेळात पोचत होता, म्हणून पोचवण्याचा खर्च शून्य दिसला. तोच शून्य भावात कायम राहिला. गिऱ्हाइकं वाढली आणि पायरी चढावी लागली, पण भाव तळमजल्यावरच.

आपल्या स्वतःच्या श्रमाला शून्य किंमत लावणं ही याच चुकीची सख्खी बहीण. घरगुती डब्याच्या धंद्यात हेच होतं: पोळीला पीठ, तेल, गॅस धरतात, लाटणारीचा तास धरत नाहीत. दहा डबे असतात तोवर चालतं. चाळीस डब्यांना बाई ठेवावी लागते, आणि त्या दिवशी कळतं की पोळी तोट्यात जात होती.

रिमझिम_५००

पायरीखर्च हा शब्द उचलला. धन्यवाद गोमूताई.

कोरा_कागद

सगळे हिशेबात रमलेत, मला खोली दिसते. त्या खोलीतून वरच्या मजल्यावरच्या संडासाचे पाइप जातात. फ्लश केलं की आवाज. प्रेक्षक हसतो. कागदवाला हसत नाही.

कागद हवेतलं पाणी ओढतो. कारखान्यातून निघताना कॉपी पेपरमध्ये ओलावा साधारण ४-५ टक्के. साठवणीच्या जागी सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास हवी. दमट खोलीत उघडी रिम ठेवली की आधी कडा पाणी पितात, मधला भाग कोरडाच. कडा लांबतात आणि लाटा पडतात. फार कोरड्या खोलीत उलटं: कडा आखडतात, मध्ये फुगवटा. दोन्ही कागद प्रिंटरमध्ये अडकतात, आणि गिऱ्हाईक शिव्या प्रिंटरला नाही, कागदवाल्याला देतं.

थंड पाइपवर घाम धरतो, त्याचं पाणी भिंतीवरून खाली. म्हणून कार्टन जमिनीला टेकवायचे नाहीत, लाकडी पॅलेट खाली. भिंतीपासून हातभर लांब. पाच थरांच्या वर रचायचे नाहीत, खालची खोकी दबली की आतल्या रिमचे कोपरे मोडतात. रिमचं वेष्टन छापायच्या क्षणापर्यंत फाडायचं नाही, ते ओलाव्यापासून राखण्यासाठीच असतं. थंड गोदामातून आणलेला माल गरम खोलीत लगेच उघडायचा नाही, दिवसभर वेष्टनासकट राहू द्यायचा.

त्या खोलीत गोदाम करायचं झालं तर बसायला जागा उरत नाही. तीन टेबलं मांडली की फार तर अर्धं पॅलेट.

अस्सल_आंबट

कोकणातल्या पावसाळ्यात सगळी घरंच मायकल स्कॉट पेपर कंपनी असतात.

थांबा_पुढे_गाव

गोदाम नसणं हा खरं तर फायदा करून घेता आला असता. माल घाऊकवाल्याच्या गोदामातूनच थेट गिऱ्हाइकाकडे पाठवायचा, बिल आपलं. घाऊकवाला थोडं जास्त घेईल, समजा कार्टनमागे दीड डॉलर. पण व्हॅन नाही, पहाटे उठणं नाही, ओली खोकी नाहीत. खरेदी साडेएकोणतीस, विक्री ३६. साडेसहा सुटतात आणि तिघं दिवसभर फोनवर. मायकल चांगला विक्रेता आहे हे मालिका पुन्हा पुन्हा दाखवते. जो माणूस तासाभरात गिऱ्हाईक जोडतो त्याला स्टिअरिंगवर बसवणं हा सगळ्यात महागडा ड्रायव्हर झाला.

उंटावरचा_शहाणा

आणि घाऊकवाला तुमची गिऱ्हाइकं बघून थेट त्यांना फोन करेल. माल त्याचा, पत्ता त्याच्याकडे. दीड डॉलरमध्ये तुम्ही यादी पण विकलीत.

थांबा_पुढे_गाव

तो धोका आहे. म्हणून मोठी पाच-सहा गिऱ्हाइकं स्वतः सांभाळायची आणि लहान थांबे घाऊकवाल्याकडे ढकलायचे. लहान गिऱ्हाइकं त्याला नकोच असतात, म्हणून तर तो तुम्हाला माल देतो.

मधली_सुट्टी

कायद्याचा प्रश्न. काल नोकरी सोडली आणि आज जुन्या कंपनीची गिऱ्हाइकं ओढली, हे चालतं? डंडर मिफ्लिनने कोर्टात का नाही खेचलं?

वकिली_बाणा

करारात काय लिहिलंय त्यावर. दोन कलमं वेगळी ओळखा. एक, अमुक काळ याच धंद्यात पडायचं नाही. दुसरं, धंदा करा पण आमच्या गिऱ्हाइकांना हात लावायचा नाही. पेनसिल्व्हेनियात पहिलं कलमसुद्धा मुदत आणि इलाखा वाजवी असेल, आणि सही करताना त्याबदल्यात काही मिळालेलं असेल, तर कोर्ट मान्य करू शकतं. कॅलिफोर्नियात जवळपास अशक्य. मायकलच्या करारात असं काही होतं असं मालिका कुठे दाखवत नाही, तेव्हा नव्हतं असंच धरू.

आपल्याकडे करार कायदा १८७२चं कलम २७ नोकरी सुटल्यानंतरची धंदाबंदी रद्दबातल ठरवतं. पण यादी चोरणं निराळं. डोक्यातलं गिऱ्हाईक तुमचं, कंपनीच्या फाइलमधली यादी कंपनीची. 'हेवी कॉम्पिटिशन'मध्ये डंडर मिफ्लिनचा विक्रेता ड्वाइट आधी मायकलला आतली माहिती पुरवतो, मग पाठ फिरवून त्याच्याशीच लढतो. त्यातला पहिला भाग कोर्टात सगळ्यात महाग पडला असता, तोही ड्वाइटला.

शाईपेन

त्याच भागातली मायकलची गिऱ्हाइकांची कार्डं आठवा. प्रत्येकावर घरच्या माणसांची नावं, आवडीनिवडी, आणि काय बोलायचं, काय टाळायचं याचे रंग. एक विषय 'बोलू नकोस' अशा रंगात लिहिलेला असूनही मायकल तो फोनवर काढून बसतो, तो प्रसंग. पण पद्धत म्हणून ती कार्डं एक नंबर. आजची महागडी सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर) तेच करतात. फक्त रंगांचा अर्थ कार्डाच्या मागे लिहून ठेवावा, स्वतःलासुद्धा आठवत नाही.

गोमूताई

उधारीवर कुणीच आलं नाही अजून, आश्चर्य आहे. मालिकेतसुद्धा हे नाही, आणि प्रत्यक्षात लहान व्यापारी यातच जातो.

पडतळरावांच्या आकड्यांत ३६ रुपये... डॉलर, सवय... भाव आणि किमान ५ कार्टन ऑर्डर धरू. थांब्याला ८ x ५ = ४०, वजा ५, सुटले ३५. खर्च ६,८००. महिन्याला १९४ थांबे, दिवसाला ९. कार्टन ९७०. छान, जमण्यासारखं दिसतं.

आता खरेदीचे पैसे बघा. ९७० x २८ = २७,१६० डॉलर महिन्याची खरेदी. नव्या कंपनीला घाऊकवाला १५ दिवसांची उधारी देईल तर नशीब. गिऱ्हाईक ऑफिसं ४५ दिवसांनी चेक काढतात. मधले ३० दिवस ते २७,००० तुमच्या खिशातून. नफा कागदावर, रोकड रस्त्यावर. विक्री दुप्पट झाली तर अडकलेले पैसे ५४,०००. यांच्याकडे भांडवल काय, तर मायकलची शिल्लक. त्याच्या आजीच्या इन्व्हेस्टमेंट क्लबने 'ड्रीम टीम'मध्येच नाही म्हटलंय. म्हणजे भाव बरोबर ठेवला असता तरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घाऊकवाल्याला द्यायला पैसे नसते.

मधली_सुट्टी

आपल्याकडे ४५ दिवसांचा कायदा आहे ना लघुउद्योगांसाठी?

गोमूताई

आहे, पण कागद विकणाऱ्याला नाही. जुलै २०२१पासून घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण लाभ बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. थकीत रकमेवरचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून वसुली होईल असं समजणारे बरेच आहेत. वसुलीचा एकच उपाय, पहिल्या ऑर्डरला रोख किंवा कार्ड आणि दुसऱ्यापासून ठरलेली मर्यादा. मर्यादा संपली की मागचं आल्याशिवाय पुढचा माल नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर गिऱ्हाईक रागावत नाही.

खुर्चीबहाद्दर

पटकथेच्या बाजूने लिहितो. चार भागांत धंद्याचा जन्म ते विक्री बसवायची आणि विनोदही राखायचा, यासाठी लेखकांनी केलेली पहिली हुशारी म्हणजे जागा. नवी कंपनी दुसऱ्या गावात काढली असती तर दोन सेट, दोन कथा, एकमेकांशी संबंध तुटलेला. त्याच इमारतीत खोली दिली आणि रोज जिन्यात, पार्किंगमध्ये गाठी पडायला लागल्या.

दुसरी, माणसं तीनच. एका खोलीत तीन माणसं, तिघांनाही आपण वरिष्ठ वाटतो. झेरॉक्स कोणी काढायच्या यावरून पॅम आणि रायन भांडतात ते बघा. पॅम रिसेप्शन सोडून आलीय, तिने कॉपी काढली की ती परत तिथेच. रायनची एकदा डंडर मिफ्लिनच्या न्यूयॉर्क ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर बसून पडझड झालीय, त्याने काढली की तो परत टेम्प. नव्या धंद्यात कामाची वाटणी लिहून न ठेवल्यावर जे होतं ते हेच, फक्त इथे त्याला दोघांचा इतिहास चिकटलाय.

आणि पहिली विक्री. गिऱ्हाइकं जोडायला ठेवलेल्या पॅनकेकच्या जेवणाचा बेत फसल्यात जमा असतो, पण तिथे आलेल्या एका माणसाकडूनच पुढे पहिली ऑर्डर येते, आणि ती पॅम मिळवते. पेरणी फसलेल्या प्रसंगात, पीक भागाच्या शेवटी.

अस्सल_आंबट

'ड्रीम टीम'मधला विक्रम विसरू नका. मायकलचा टेलिमार्केटिंगमधला जुना सहकारी. ती भूमिका रणजीत चौधरींची, आपल्या मुंबईचे, पर्ल पदमसींचे चिरंजीव. 'खट्टा मीठा', 'बातों बातों में', 'खूबसूरत'मधला तो किडकिडीत पोरगा. एप्रिल २०२०मध्ये मुंबईतच गेले. त्या अख्ख्या चमूत फोनवर विकण्याची खरी सवय असलेला एकटा विक्रम, आणि तोच त्याच भागात साथ सोडतो. हिशेब त्याला आधीच कळला असणार.

चहाटळ

मंडळातला सगळ्यात शहाणा माणूस पहिल्या मीटिंगनंतर येत नाही, हे गणेशोत्सवापासून सिद्ध आहे.

खुर्चीबहाद्दर

'ब्रोक'चं दिग्दर्शन स्टीव्ह कॅरेलचं स्वतःचं, लेखन चार्ली ग्रँडी. वाटाघाटीचा प्रसंग त्यासाठी पुन्हा बघा. बसण्याची जागा, कोण कधी खोलीबाहेर जातो, सगळं मोजून आहे.

पडतळ

वाटाघाट हा धाग्याचा अर्धा प्रश्न आहेच. डंडर मिफ्लिनचा मोठा साहेब डेव्हिड वॉलेस मायकलची कंपनी विकत घ्यायला आधी १२,००० डॉलर देऊ करतो, मग ६०,०००. मायकल पैसे नाकारून तिघांच्या नोकऱ्या मागतो. पुष्कळ जणांना हे भावनिक वाटतं. हिशेबाने बघा. ६०,०००चे तीन भाग, प्रत्येकी २०,०००. त्यातून धंद्याची देणी भागवायची. उरलं ते काही महिन्यांत संपणार, आणि २००९मध्ये नोकऱ्या कुठे होत्या? त्याउलट नोकरी म्हणजे दरवर्षीचा पगार, आणि अमेरिकेत आरोग्यविमा नोकरीला बांधलेला. रोख रक्कम नाकारून प्रवाह घेतला.

कंपनीची किंमत शून्य, हे मायकलही तिथे कबूल करतो. वॉलेस मालमत्ता विकत घेत नव्हता, डोकेदुखी बंद व्हायची किंमत देत होता. समोर शेअरहोल्डरांची बैठक, आणि एका शाखेची गिऱ्हाइकं गळतायत. मायकलचं म्हणणं असं की ही कंपनी बुडाली तर मी दुसरी काढीन, नावं भरपूर आहेत. मला डंडर मिफ्लिनला पुरून उरायचं नाही, एकट्या तुला पुरून उरलो तरी पुरे. विकणाऱ्याची किंमत त्याच्या ताळेबंदात नसते, घेणाऱ्याच्या अडचणीत असते.

उंटावरचा_शहाणा

यात एक गोष्ट सुटतेय. हा सौदा जमला कारण वॉलेसला माहीत नव्हतं की समोरचे महिन्याभरात आपोआप बंद पडणार आहेत. ड्वाइटला कळलेलं असतं आणि तो सांगायला धडपडतो, जिम त्याला बोलू देत नाही. वॉलेसने गिऱ्हाइकांकडून मायकलचा भाव विचारून स्वतःचा खरेदीदर त्यात घातला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. स्वतः कागदाच्या कंपनीत आहे, पडतळ त्याला माहीत हवी. बारा हजारसुद्धा द्यायची गरज नव्हती, चार आठवडे चहा पीत बसायचं.

पडतळ

@उंटावरचा_शहाणा, पहिल्यांदाच पूर्ण सहमत. तारीख नोंदवून ठेवतो.

वकिली_बाणा

सौद्यात आणखी एक भोक होतं. नोकऱ्या मागितल्या, हुद्दे आणि गिऱ्हाइकांची मालकी लिहून घेतली नाही. पुढच्याच 'कॅज्युअल फ्रायडे'मध्ये फळं दिसतात. ओढून नेलेली गिऱ्हाइकं परत आल्यावर ती आधीच्या विक्रेत्यांची की नव्यांची यावर ऑफिस पेटतं. आणि विक्रीची जागा एकच उरते, पॅमला मिळते, रायन पुन्हा टेम्प. करारात दोन ओळी लागल्या असत्या: परत आलेल्या खात्यांचं कमिशन कोणाला आणि किती महिने, आणि तिघांची पदनामं.

रिमझिम_५००

मग मूळ प्रश्नाचं उत्तर असं धरू का: ३२ ऐवजी ३६, किमान ५ कार्टन, लहान थांबे घाऊकवाल्याकडून, पहिली ऑर्डर रोख. एवढ्यावर वाचले असते?

गोमूताई

सुरुवातीपासून असं केलं असतं तर शक्यता होती. पण 'ब्रोक'मध्ये ज्या दिवशी कळलं त्या दिवशी नाही. ३२वर आलेल्या गिऱ्हाइकाला ३६ सांगणं म्हणजे साडेबारा टक्के वाढ, आणि ते ३२साठीच आलं होतं. तुमच्यात आणि ३८वाल्या जुन्या पुरवठादारात दोनच डॉलरचा फरक उरला की ते विचार करतं, जुन्याकडे गोदाम आहे, चार गाड्या आहेत, जाऊ परत. स्वस्ताईवर जोडलेलं गिऱ्हाईक स्वस्ताई संपताच सुटतं. सुरुवातीची सूट द्यायचीच तर बिलावर पूर्ण भाव छापायचा आणि खाली 'पहिल्या तीन ऑर्डरींवर सूट' अशी वेगळी ओळ. म्हणजे चौथ्या वेळी भाव वाढला असं वाटत नाही, सूट संपली असं वाटतं.

थांबा_पुढे_गाव

आणि ९७० कार्टन म्हणजे रोज ४४. जवळजवळ एक टन कागद, रोज, हाताने. दोन चाकी ट्रॉली घेतल्याशिवाय धंदा सुरू करू नये. जिने चढणारी तीन चाकांची मिळाली तर उत्तम. पट्टा बांधायचा, एका खेपेला तीनपेक्षा जास्त खोकी नाहीत.

शाईपेन

एक शंका राहिली. त्या व्हॅनवरची कोरियन अक्षरं काढायला काय लागलं असतं? चर्चला जाणारी माणसं चुकून आत येऊन बसतात ते बघून सारखं मनात येतं.

कोरा_कागद

रंगाने लिहिलं असेल तर पॅनेल पुन्हा रंगवणं, दुसरा उपाय नाही. व्हिनाइलचं स्टिकर असेल तर हीटगनने कोमट करून, जाळायचं नाही, प्लास्टिकच्या पात्याने कोपऱ्यापासून उचलत जायचं. उरलेला चिकटा रॉकेल किंवा स्पिरिटने पुसायचा, मग साबणपाणी. पण जुन्या गाडीवर एक अडचण येते. बाकी रंग उन्हाने विटलेला असतो आणि स्टिकरखालचा ताजा राहतो. अक्षरं काढली तरी चर्चचं नाव वाचता येतं.